जगण्याला प्रयोजन असले, तर प्रकृतीवर खरोखर परिणाम होतो का?

मृण्मयी_नाशिक

महाराष्ट्र शासनाचे बहुतेक कर्मचारी वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त होतात. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य सहज उरलेले असते. त्या आयुष्याची तयारी म्हटले की आपल्याकडची चर्चा भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, आरोग्यविमा आणि जमल्यास चारधाम यात्रा एवढ्यावर थांबते. सकाळी उठून करायचे काय, हा प्रश्न आरोग्याचा प्रश्न म्हणून फारसा कोणी विचारत नाही. तो तसाच विचारला पाहिजे असे माझे मत होत चालले आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात मी रक्तदाब आणि साखर तपासणीचे काम पाहते. नोंदवही चाळताना एक गोष्ट वारंवार जाणवते. एकाच वयाच्या, साधारण सारखेच आजार असलेल्या आणि सारखीच औषधे चालू असलेल्या दोन माणसांपैकी एक जण तारीख लक्षात ठेवून तपासणीला येतो, आहारात काय बदलू ते विचारतो, पायाला झालेली लहानशी जखमही दाखवतो. दुसऱ्याच्या गोळ्या संपून पंधरवडा उलटला तरी त्या आणलेल्या नसतात. कारण विचारले तर ‘आता काय राहिलंय?’ एवढेच उत्तर मिळते. शिक्षण किंवा पैसा यांवरून ही विभागणी पुरती समजत नाही. म्हणून या विषयावर काय अभ्यास झाला आहे, ते मी वाचू लागले.

जपानच्या ईशान्येकडील मियागी प्रांतात ओसाकी नावाचा भाग आहे. तेथील ४० ते ७९ वर्षे वयाच्या ४३,३९१ लोकांना १९९४ साली इतर अनेक प्रश्नांबरोबर एक साधा प्रश्न विचारण्यात आला: तुमच्या जगण्यात ‘इकिगाई’, म्हणजे ज्यासाठी जगावेसे वाटते असे काही, आहे का? पुढील सात वर्षे या सर्वांची माहिती ठेवली गेली आणि त्या काळात ३,०४८ जण मरण पावले. वय, शिक्षण, धूम्रपान, मद्यपान, व्यायाम, नोकरी, आधीचे आजार या सगळ्यांचा हिशेब केल्यानंतरही, ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्यांमधील मृत्यूचा धोका ‘आहे’ म्हणणाऱ्यांच्या सुमारे दीडपट निघाला. हृदयविकार आणि पक्षाघात यांसारख्या रक्ताभिसरणाच्या आजारांत तो फरक आणखी थोडा मोठा होता. कर्करोगाच्या मृत्यूंशी मात्र स्पष्ट संबंध आढळला नाही. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

कर्करोगाबाबतचा हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. आतून आजारी असलेली माणसे आधीच खचलेली असतात, म्हणूनच ती ‘नाही’ म्हणतात, एवढाच प्रकार असता, तर तो कर्करोगाच्या आकड्यांतही तितक्याच ठळकपणे उमटायला हवा होता.

दुसरा अभ्यास शिकागोचा आहे. स्मृतिभ्रंश नसलेल्या नऊशेहून अधिक वृद्धांना जगण्याच्या प्रयोजनाविषयी प्रश्न विचारून पुढे काही वर्षे त्यांची तपासणी केली गेली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या प्रश्नांत वरच्या टोकाचे गुण मिळालेले लोक अल्झायमरपासून मुक्त राहण्याची शक्यता खालच्या टोकाच्या लोकांपेक्षा सुमारे २.४ पट होती. त्याच प्रकल्पातील २४६ मृत व्यक्तींच्या मेंदूंची तपासणी करून २०१२ साली जे मांडले गेले, ते मला अधिक विचार करायला लावणारे वाटते. मेंदूत अल्झायमरच्या खुणा सारख्याच प्रमाणात असूनही, ज्यांना प्रयोजन जाणवत होते त्यांची स्मरणशक्ती आणि आकलन हयातीत त्या मानाने अधिक शाबूत राहिले होते. म्हणजे झीज झालीच होती. तिला तोंड देण्याची ताकद वेगळी होती.

पुढे २०१६ साली अशा दहा अभ्यासांतील मिळून १,३६,२६५ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. प्रयोजनाची जाणीव प्रबळ असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळला, आणि हृदयविकाराच्या घटनांबाबतही जवळपास तेवढाच फरक दिसला.

वैद्यकीय क्षेत्रातील सभासदांनी या आकड्यांचे वजन किती धरावे ते सांगावे, आणि इतरांनी आपल्या घरात, गावात जे प्रत्यक्ष पाहिले असेल ते लिहावे, अशी विनंती आहे.

धमनी

धागा काढल्याबद्दल आभार. मी हृदयरोगाच्या रुग्णांना रोज भेटतो, त्यामुळे विषय जवळचा आहे. तरीही आधी हात आखडता घेऊन लिहितो.

आपण दिलेले सर्व अभ्यास निरीक्षणाचे आहेत. कोणाला प्रयोजन द्यायचे आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येत नाही. त्यामुळे प्रयोजनामुळे प्रकृती चांगली राहिली की प्रकृती चांगली होती म्हणून प्रयोजन टिकले, हा पेच पूर्णपणे सुटत नाही. याच पेचाचे एक मोठे उदाहरण आहे. ब्रिटनमधील सात लाखांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आनंदी नसलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त दिसत होते, पण त्यांच्या आधीच्या आजारपणाचा हिशेब केल्यावर तो फरक उरला नाही. आजार माणसाला दुःखी करतो. दुःख थेट मृत्यू ओढवते असे त्या आकड्यांतून सिद्ध झाले नाही. अर्थात आनंद आणि प्रयोजन या वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेला बसलेल्या मुलाची आई त्या महिन्यात आनंदी असेलच असे नाही, पण तिच्या दिवसाला दिशा असते.

वृद्धाश्रमातील रोपट्यांचा प्रयोग बरेच जण सांगतात, म्हणून त्याविषयीही लिहितो. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वृद्धांच्या एका गटाला स्वतःचे निर्णय स्वतः घेण्यास प्रोत्साहन देऊन रोपट्याची जबाबदारी सोपवली होती, तर दुसऱ्या गटाची रोपे परिचारिका सांभाळत. पहिला गट अधिक उत्साही राहिला, आणि पुढच्या पाहणीत त्यांच्यातील मृत्यूही कमी दिसले. परंतु गट अगदी लहान होते आणि मृत्यूंच्या त्या हिशेबात संशोधकांना नंतर दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. रोपट्याने आयुष्य वाढते असे त्या आधारावर कोणी सांगू नये.

तरीसुद्धा माझा कल आपल्याच बाजूने आहे, कारण यामागचा एक मार्ग मला दवाखान्यात डोळ्यांसमोर दिसतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नाशीपुढील सात हजारांहून अधिक अमेरिकन लोकांची सहा वर्षांची माहिती होती. प्रयोजनाची जाणीव जितकी जास्त, तितकी कोलेस्टेरॉलची आणि मोठ्या आतड्याची तपासणी करून घेण्याची शक्यता अधिक आणि रुग्णालयात काढलेल्या रात्री कमी. ताणाची संप्रेरके आणि शरीरातील दाह यांच्याद्वारेही परिणाम होत असावा, परंतु तेथील पुरावा अजून मला तितका भक्कम वाटत नाही. गोळी वेळेवर घेणे, चालणे, तंबाखू सोडणे, छातीत दुखले तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी न बसणे, या गोष्टी मात्र नक्की जीव वाचवतात, आणि त्या करण्यासाठी पुढच्या महिन्यातही आपण हवे आहोत असे माणसाला वाटावे लागते.

एक सावधगिरीची सूचना. कशातच रस न वाटणे हे नैराश्याचे प्रमुख लक्षण आहे. घरातील माणूस दोन आठवड्यांहून अधिक काळ असा असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर त्याला छंद सुचवत बसू नये, उपचारांसाठी न्यावे. शासनाची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

हिंगणेकर

या चर्चेत महर्षी कर्व्यांचे नाव यायलाच हवे. जन्म १८५८, मृत्यू १९६२. म्हणजे १०४ वर्षांचे आयुष्य. १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केले तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते, आणि खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी १९३६ साली नवी संस्था काढली तेव्हा ७८ वर्षांचे. लोक ज्या वयात आवराआवर करतात, त्या वयात ते वर्गणी गोळा करत हिंडत होते.

धमनी

हिंगणेकर, अण्णांविषयी आपल्याइतकाच आदर बाळगून सांगतो की एका दीर्घायुषी माणसावरून नियम सिद्ध होत नाही. तितक्याच निष्ठेने काम करून चाळिशीत गेलेली माणसेही आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या निष्ठेत काही उणे होते असे कोणाच्याही मनात येऊ नये. मात्र अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रोज घराबाहेर पडण्यासाठी भक्कम कारण असणे, ही आपल्या उदाहरणातील गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

सायकलवाट

माझ्या वडिलांचा अनुभव लिहितो. ते एस.टी.च्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे बाबांनी व्हरांड्यातल्या खुर्चीत काढली. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप, संध्याकाळी बातम्या. रक्तदाबाची गोळी आईने हातावर ठेवली तर घ्यायची, नाहीतर राहून जायची. गुडघे दुखतात म्हणून फिरणे बंद, फिरणे बंद म्हणून वजन वाढलेले, वजन वाढले म्हणून गुडघे आणखी दुखरे. आम्ही भावंडांनी योगवर्ग, हास्यमंडळ, नवा मोबाइल, अष्टविनायक असे सगळे सुचवून पाहिले. त्यांनी कशालाही नाही म्हटले नाही आणि काहीच धरून ठेवले नाही.

बदल घडला तो शेजारच्या मुलीच्या सायकलीमुळे. मानव विकास कार्यक्रमातून आमच्याकडे आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. सायकल मिळते, पण गावात दुरुस्तीचे दुकान नाही. त्यामुळे थोडी बिघडलेली सायकल गोठ्याला टेकून पडते आणि मुलगी पुन्हा पायी जाऊ लागते, किंवा पावसाळ्यात घरीच राहते. या मुलीची चेन सारखी उतरत होती. बाबांनी सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली, पेडल हाताने फिरवत मागच्या चाकाकडे बराच वेळ पाहिले आणि सांगितले की चेन ठीक आहे, फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, दात झिजलेत, चेन बदलून पैसे घालवू नका. तालुक्याच्या गावाहून त्यांनी स्वतः फ्रीव्हील आणून बसवली. मग तिच्या मैत्रिणी येऊ लागल्या.

आता दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाबा शाळेच्या सायकल स्टँडवर असतात. चाकाच्या मधल्या हबमधले छर्रे काढून घासलेटमध्ये धुवायचे, हबच्या वाटीत ग्रीस भरून त्यावर एकेक छर्रा बोटाने दाबून बसवायचा, छर्रे धरून ठेवणारा ‘कोन’ नावाचा भाग आवळताना चाक मोकळे फिरले पाहिजे पण हलता कामा नये, हे सगळे ते मुलींच्या हातून करून घेतात. पाना घेतला तर तो पुसून जागेवर ठेवायचा, ही कार्यशाळेतली शिस्त त्यांनी जशीच्या तशी तिथे नेली आहे.

प्रकृतीचे म्हणाल तर चक्कर आली तर शनिवार बुडेल, म्हणून गोळी आता चुकत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ते कित्येक दिवस टाळत होते; छर्रे नीट दिसेनात तेव्हा स्वतःहून तारीख घेऊन आले. शाळेपर्यंत चालत जातात. गुडघे अजूनही दुखतात आणि रक्तदाब काही गेलेला नाही. तो आटोक्यात आहे, एवढेच मी म्हणेन. पण आमच्याशी बोलताना ते पुढच्या आठवड्यातले बोलू लागले, हा फरक घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात आला.

वरोरा_रोड

सायकलवाट यांचा प्रतिसाद वाचून आनंदवन आठवल्याशिवाय राहत नाही, कारण प्रयोजन आणि प्रकृती यांचा संबंध महाराष्ट्रात इतक्या मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगाच्या उपचारांचे शिक्षण घेतले आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू केले. सुरुवातीला सोबत साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि गाठीला चौदा रुपये होते, असे सांगितले जाते. त्या सुमारास कुष्ठरोगावर सल्फोन गटातील औषधे उपलब्ध झाली होती. म्हणजे जंतू मारण्याची सोय झाली होती. पण रोग बरा झालेल्या माणसाला घर परत घेत नव्हते, गाव परत घेत नव्हते, आणि त्याच्यासमोर भीक मागण्याशिवाय मार्ग राहत नव्हता. अशा माणसाने औषध तरी कशासाठी नेमाने घ्यावे?

बाबांनी त्याच्या हातात कुदळ दिली. विहिरी खणल्या गेल्या, माळावर पिके उभी राहिली, माग चालू लागले, सुतारकाम आणि लोहारकाम सुरू झाले. ज्यांच्या हाताने वाढलेले पाणी लोक घेत नव्हते, त्यांच्या श्रमांतून पुढे वरोऱ्यात महाविद्यालय उभे राहिले आणि गावातली मुले तिथे शिकू लागली. दानाने माणूस लाचार होतो आणि कामाने उभा राहतो, ही भूमिका बाबांनी शेवटपर्यंत सोडली नाही. बोटे झडलेल्या माणसाला ‘तू विश्रांती घे’ म्हणणे दयाळूपणाचे दिसते, पण त्याचा अर्थ ‘तुझ्यावाचून आमचे काही अडत नाही’ असाच होतो, हे त्यांनी ओळखले होते.

स्वतः बाबांना मणक्याचा आजार असा होता की त्यांना बसता येत नसे. आडवे राहायचे किंवा उभे राहायचे. त्या अवस्थेत १९८५ साली, वयाच्या सत्तरीत, त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ यात्रा केली आणि पुढे काही वर्षे नर्मदेच्या काठी कसरावदला मुक्काम केला. २००८ साली ते गेले तेव्हा ९३ वर्षांचे होते. धमनी यांचा मुद्दा मान्य आहे, यावरून दीर्घायुष्याचा नियम काढता येणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की मणका बरा झाला नाही आणि तरीही जीवन पूर्ण चालले. प्रयोजनाचा प्रकृतीवरील परिणाम आपण केवळ आयुष्याच्या वर्षांत मोजला, तर हे मापात येणार नाही.

सुमित्रा_पुणे

चर्चेत एक बाजू राहून जाते आहे. ५८व्या वर्षी निवृत्त होण्याचा प्रश्न प्रामुख्याने पुरुषांचा किंवा नोकरदार स्त्रियांचा आहे. घर सांभाळणाऱ्या बाईला कोणी निवृत्त करत नाही. तिच्यावर विसंबून असलेली माणसे भरपूर असतात, उद्या सकाळचे कामही ठरलेले असते. मग या अभ्यासांप्रमाणे तिची प्रकृती ठणठणीत असायला हवी. आमच्या सोसायटीत मला तसे दिसत नाही.

इथे नातवंडे सांभाळण्यासाठी गावाहून आणलेल्या आज्या पुष्कळ आहेत. मुलगा आणि सून मनापासून म्हणतात की आईला नातवंडांमुळे वेळ कसा जातो ते कळत नाही. मी त्यांतल्या एकींशी रोज बागेत बोलते. गावी त्यांचे भजनी मंडळ होते, एकादशीला पेटी त्याच वाजवत. परसात अळू आणि कढीपत्ता होता, गल्लीत कोणाच्या घरी बाळंतपण असले की पहिले बोलावणे त्यांना येई. इथे त्या नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडतात आणि परत येऊन कुलूप उघडतात. नातवावर त्यांचा जीव आहे. परंतु हे काम त्यांनी निवडलेले नाही आणि ते नाकारण्याची मुभाही त्यांना नाही. त्यांची साखर गावापेक्षा इथे जास्त राहते, आणि त्याचे खापर पुण्याच्या बेकरीवर फोडले जाते.

म्हणून कर्तव्य आणि प्रयोजन यांची गल्लत करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आजारी माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या बाईला ‘तुला जगण्याचे कारण तरी आहे’ असे सांगणे तर फारच क्रूर आहे. तिला आधी दोन रात्रींची सलग झोप मिळाली पाहिजे.

देहूकर

अभ्यासांत प्रश्न कसे विचारतात तेही पाहायला हवे. अमेरिकेत प्रचलित असलेल्या प्रश्नावलीत ‘मी आजचा दिवस जगतो, भविष्याचा फारसा विचार करत नाही’ अशा आशयाचे विधान असते, आणि त्याला होकार दिला तर प्रयोजनाचे गुण कमी होतात. ईश्वर ठेवील त्या स्थितीत समाधानाने राहावे, उद्याची चिंता वाहू नये, असे मानणारा आमच्याकडचा वारकरी या विधानाला आनंदाने होकार देईल आणि कागदावर निष्प्रयोजन ठरेल. तोच माणूस आषाढी जवळ आली की महिनाभर आधी शेताची कामे मार्गी लावतो, पायांना सवय व्हावी म्हणून चालू लागतो आणि दिंडीत कोणाकडे पाण्याची व्यवस्था आहे ते ठरवतो. त्यामुळे परदेशातील आकडे वाचताना, आपल्याकडे हा प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा याचा विचार आधी झाला पाहिजे. ओसाकीचा एका ओळीचा प्रश्न त्या दृष्टीने मला अधिक चालण्यासारखा वाटतो.

बांधावरून

शेतकऱ्याला निवृत्ती नसते असे सगळे म्हणतात, ते खरे नाही. सातबारा मुलांच्या नावे झाला आणि काय पेरायचे हे वडिलांना न विचारता ठरू लागले, की त्या दिवशी माणूस निवृत्त होतो. आमच्या गावात असे अनेक म्हातारे पारावर बसलेले दिसतात. ज्या घरांत निदान बियाणे राखण्याचे किंवा बैलांचे काम त्यांच्या शब्दावर चालते, तिथली म्हातारी माणसे वेगळी दिसतात. मला यातले शास्त्र ठाऊक नाही, पण कारभार काढून घेताना एखादा कोपरा त्यांच्या हुकमतीत ठेवावा असे मनापासून वाटते.

गार्गी_बॉल्टिमोर

धमनी यांनी लिहिले की प्रयोजन चिठ्ठ्या टाकून देता येत नाही. आमच्या शहरात त्याच्या बरेच जवळ जाणारा प्रयत्न झाला आहे. ‘एक्स्पीरियन्स कोअर’ या उपक्रमात साठीपुढील स्वयंसेवक सरकारी प्राथमिक शाळांत आठवड्याला १५ तास जात. लहान मुलांना वाचायला शिकवणे, ग्रंथालय लावणे, मधल्या सुट्टीतील भांडणे सोडवणे अशी कामे त्यांच्याकडे असत आणि प्रवासखर्चाला पुरेल इतके मानधन मिळे. याच्या अभ्यासासाठी ७०२ लोकांची खरोखरच चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली गेली: काही जण या शाळांत गेले आणि उरलेल्यांना नेहमीच्या स्वयंसेवी कामांची माहिती दिली गेली.

निष्कर्ष थक्क करणारे नव्हते, आणि म्हणूनच मला ते पटतात. शाळेत जाणाऱ्या स्त्रियांचे रोजचे चालणे टिकून राहिले, तर तुलनेच्या गटातील स्त्रियांचे घटत गेले. स्मरणाशी संबंधित असलेला मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाचा भाग वयानुसार आक्रसतो. दोन वर्षांनंतर शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये तो आक्रसलेला आढळला नाही. या उपक्रमाची रचना करणाऱ्यांचा आग्रह असा होता की काम मुलांना खरोखर उपयोगी पडणारे असले पाहिजे. वृद्धांना गुंतवून ठेवण्यासाठी काढलेले काम वृद्धांच्या लगेच लक्षात येते.

मृण्मयी_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. सुमित्राताईंचा प्रतिसाद मी आमच्या संघाच्या बैठकीत वाचून दाखवला, आणि तो ऐकून मुलांकडे राहायला आलेल्या दोघी-तिघी प्रथमच स्वतःविषयी बोलल्या. यापुढे तपासणीच्या नोंदवहीत ‘आठवड्यात स्वतः ठरवून केलेले काम’ असा एक रकाना ठेवायचे आम्ही ठरवले आहे. देहूकरांच्या सूचनेनुसार त्याचे शब्द सभासदांनाच विचारून पक्के करू.

गार्गींचे शेवटचे वाक्य मला फार पटले. आमचा संघ सहली, वाढदिवस आणि व्याख्याने भरपूर करतो. ते सगळे चांगले आहे, पण त्यांतील कशालाही एखादा सभासद आला नाही तर कोणाचे काही अडत नाही. जपानमध्ये १९७५ साली टोकियोत ज्येष्ठांसाठी एक स्थानिक कामवाटप केंद्र सुरू झाले आणि १९८६ च्या कायद्याने अशा केंद्रांना देशभर मान्यता मिळाली. बागकाम, साफसफाई, सायकल तळाची देखरेख अशी थोड्या तासांची, मोबदल्याची कामे तिथून दिली जातात. मोबदला थोडा असला तरी ते काम कोणालातरी हवे असते. आपल्याकडे निवृत्तिवेतन नसलेले लोक बहुसंख्य आहेत, त्यामुळे फुकट सेवेचा आग्रह धरण्यापेक्षा ही पद्धत मला न्याय्य वाटते.

सायकलवाट, आमच्या भागातही अशा सायकली शाळांमागे पडून आहेत आणि संघात एक निवृत्त फिटर आहेत. शाळेची परवानगी आणि सुट्या भागांचा खर्च आपण कसा जमवला, ते लिहाल का?

सायकलवाट

नक्की लिहितो. परवानगीसाठी बाबांनी मुख्याध्यापकांकडे साधा अर्ज दिला आणि तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवला गेला. काम शाळेच्या आवारात, स्टँडवर आणि एक शिक्षिका उपस्थित असतानाच करायचे, ही अट समितीने घातली. ती योग्यच आहे, आपणही ती आधीच मान्य करून जावे. पाने, टायर लिव्हर, हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान शाळेच्या कपाटात ठेवले आहे, किल्ली दहावीच्या एका मुलीकडे असते. छर्रे, ग्रीस, ब्रेकचे रबर आणि व्हॉल्व्ह ट्यूब यांचा खर्च किरकोळ आहे, तो माजी विद्यार्थी देतात. टायर, ट्यूब किंवा फ्रीव्हील लागली तर पालकांना आधी किंमत सांगून मगच आणायची. त्यासाठी एक वही आहे आणि तिच्यात पालकांची सही घेतली जाते.

आपल्या फिटरकाकांना सांगा की सुरुवात जून उजाडण्याआधी करावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत सायकली उन्हात उभ्या राहून ट्यूब चिकटलेल्या असतात, आणि शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात सगळ्या एकदम येतात. बाबा म्हणाले की ते हवे असल्यास एकदा नाशिकला येऊन दाखवतील, मात्र शनिवार सोडून.